व्युत्पत्तिसम्राटांस अनावृत पत्र

श्री. रा. रा. व्युत्पत्तिसम्राट, शब्दमहर्षी, मु. पो. उरण, यांचे सेवेशी,

कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पत्रास कारण की, मराठी भाषा गौरव दिनी, म्हणजे २७ फेब्रुवारीला, आपण न्हावा शेव्यात आम्हा क्लिअरिंगवाल्यांसमोर ‘शब्दांच्या जन्मकथा’ या विषयावर जे अमृत सांडलंत, त्याबद्दल आपले आभार मानायचे राहून गेले होते. चिवडा संपला होता, बाहेर ट्रेलर करळ फाट्यापर्यंत तुंबले होते, तरी एकही श्रोता जागचा हलला नाही. हा आपल्या वाणीचा प्रभाव. दाराला संयोजकांनी खुर्ची लावून ठेवली होती, ही बाब गौण.

मराठीच्या गौरवासाठी आपण इंग्रजांचा एक गलिच्छ वाक्प्रचार निवडलात, ही निवडही आपणच करू जाणे. ‘टेक द पिस’. सभेत भगिनीवर्ग होता म्हणून आपण त्याचं भाषांतर ‘लघुशंका घेणे’ असं केलंत. ऐकणाऱ्यांना ज्या शंका आल्या त्या लघु नव्हत्या. आपल्या देशात ही गोष्ट शब्दशः घेणारा एकच पंतप्रधान होऊन गेला. मोरारजीभाईंनी ती घेतली आणि १९७८ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर सांगितलीही. त्यांच्याइतका सडेतोडपणा आपल्या भाषांतरात असता तर मागच्या रांगेतल्या पोरांनाही कळलं असतं की इंग्रज ‘मूत काढतो’ म्हणतो तेव्हा त्याला आपलं फिरकी घेणं, टर उडवणं म्हणायचं असतं. आणि त्याचा दुसराही अर्थ असतो: समोरच्याच्या भलेपणाचा उघड उघड गैरफायदा घेणं. हा दुसरा अर्थ आपण सांगितलाच नाहीत. तोही पुढे कामाला येईल, म्हणून मी इथे टाचून ठेवतो.

मग आपण ती सुप्रसिद्ध कथा सांगितलीत. फार वर्षांपूर्वी लंडनहून माणसांचं मूत पिंपांत भरून जहाजाने उत्तरेकडे जात असे. नावाड्याला माल सांगायची लाज वाटे. कुणी विचारलं, काय नेतोस, तर तो म्हणे, वाईन. ऐकणारा मनात समजे, हा मूतच नेतोय, आणि आपली थट्टा करतोय. झालं, जन्मला वाक्प्रचार. टाळ्या.

महाराज, निम्मी कथा खरी आहे, याबद्दल मी आपला शतशः ऋणी आहे. खोटं सांगायचं तर त्यात थोडं खरं मिसळावं, हे भान हल्ली कुणाला असतं? इंग्लंडच्या ईशान्येला, यॉर्कशरच्या किनाऱ्यावर, सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून तुरटीचे कारखाने होते. डोंगरातला शेल दगड फोडायचा, त्याचे ढीग महिनोन्‌महिने जळत ठेवायचे, मग पाण्यात भिजवून त्यातला क्षार काढायचा. त्या पाण्यातून तुरटीचे खडे पाडायला पोटॅश किंवा अमोनिया लागे. पोटॅश समुद्री शेवाळ जाळून मिळे. अमोनिया मिळे मुतातून. लंडनमधून, न्यूकॅसलमधून पिंपं भरून येत, आणि तुरटी कापडाला रंग धरायला म्हणून बाहेर जाई. काढा नेमका किती आटला ते पाहायला कारागीर त्यात अंडं सोडत. अंडं तरंगलं की आच बंद. अशी ही विद्या. अडीचशेहून अधिक वर्षं त्या किनाऱ्यावरच्या माणसांनी शहराचं मूत हाताळून इंग्रज बायाबापड्यांच्या कपड्यांचा रंग टिकवला. आपण त्यांना पाच मिनिटं दिलीत आणि त्यांना लाजाळू थापाडे करून टाकलंत. त्यांच्या वतीने धन्यवाद.

आता उरलेली निम्मी. हे कारखाने १८७१ पर्यंत बंद पडले. वाक्प्रचार मात्र छापात दिसू लागतो विसाव्या शतकात, दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे. त्याचं जरा सभ्य भावंड, ‘टेक द मिकी’, तेही १९३० च्या दशकाच्या आधी फारसं कुणाला भेटत नाही. म्हणजे माल सुटला १८७१ च्या आत आणि पोचला साठ-सत्तर वर्षांनी. एवढा काळ हा कंटेनर कुठल्या यार्डात पडून होता, साहेब? आमच्याकडे ठरल्या मुदतीपेक्षा चार दिवस जास्त पडला तरी डेमरेज चढतं. आपल्या कथेवर किती चढलं असेल, याचा हिशेब करताना माझी रात्र आनंदात गेली.

आणि ती वाईन! आपण ज्या सभेत बोललात ती कस्टमच्या कागदांवर जगणाऱ्या माणसांची सभा होती, हे आपण क्षणभरही मनावर घेतलं नाहीत, या निर्भयतेला माझा मुजरा. साहेब, माल खोटा सांगणं हा आमच्या गल्लीतला जुना रोग. त्यासाठी कस्टम कायदा, १९६२ मध्ये कलम १११ आहे, त्यातलं पोटकलम (एम) आमच्याकडे पोराटोरांना पाठ. पण खोटं कुठल्या दिशेने सांगतात, हेही आम्हाला पाठ. महागडा माल स्वस्त म्हणून सांगतात. सुपारीला भलतंच काही म्हणतील, सिगारेटला जिप्समचे बोर्ड म्हणतील. फुकटच्या मुताला जकातीची वाईन म्हणणारा कप्तान अजून जन्मायचा आहे. आपल्याकडे परदेशी वाईनवर वर्षानुवर्षे दीडशे टक्के शुल्क राहिलं. इंग्लंडातही वाईनवर जकात होतीच. आपला नावाडी लाजेपोटी जकात ओढवून घेणार, शिवाय बंदरावर उतरल्यावर ‘थोडी चाखू दे’ म्हणणाऱ्या हमालांना तोंड देणार! हा माणूस लाजाळू नव्हता, साहेब, त्याला डॉक्टरची गरज होती.

खरी व्युत्पत्ती काय, असं आपल्याला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर आपण खचितच सांगितली असतीत. इंग्रजी कोशकारांपाशी दोनतीन तर्क आहेत. ‘मिकी’ हे ‘मिकी ब्लिस’ या यमकातून आलं असावं, म्हणजे लंडनच्या कामकरी वस्तीतली, खरा शब्द झाकून त्याच्या यमकाचा शब्द वापरायची खोड. दुसरा तर्क आणखी चविष्ट आहे. पहाटे मूत्राशय भरलं की पुरुषाच्या अंगी जो फुकटचा ताठा येतो, त्याला इंग्रजीत अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘मुताचा गर्व’ अशा अर्थाचा शब्द होता. त्या गर्वातलं मूत काढून घेतलं की उरतो तो खरा माणूस. तर्क सुरेख आहे, दाखला पक्का नाही, म्हणून कोशकार ‘असावं’ म्हणून थांबतात. थांबणं ही कला आपल्याला शिकवायची माझी योग्यता नाही.

कारण आपण थांबला नाहीत. यॉर्कशरहून आपण थेट मुंबईच्या गोदीत आलात. ‘पिस’ हा शब्द मूळचा मराठी! आपल्या खलाशांना ‘पिसं काढणे’ म्हणताना गोऱ्या खलाशांनी ऐकलं, आणि ते शब्द बोटीत घालून लिव्हरपूलला घेऊन गेले. या वाक्याला जो टाळ्यांचा कडकडाट झाला तो अजून माझ्या कानात आहे. दहाच मिनिटांपूर्वी तो वाक्प्रचार मुतातून जन्मला होता, आता तो कोंबडीतून जन्मला, आणि दोन्ही जन्मांना त्याच माणसांनी टाळ्या दिल्या. आपल्या कर्तृत्वापुढे पूतनेचा दाखलाही फिका. (या उपमेचा इथे काहीही संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. आपल्या सहवासात संबंध लागेनासा होतो.)

आपली देशभक्ती पाहून ऊर भरून आला म्हणूनच विचारतो, इंग्रजांच्या तोंडी मराठी मातीतला शब्द शोधायचाच होता, तर आपल्याला देवळाली कशी दिसली नाही? नाशिकच्या अंगाला, आपल्याच रेल्वेवर. १८६१ मध्ये तिथे गोऱ्या शिपायांची छावणी झाली. नोकरी संपलेला शिपाई तिथे बोटीची वाट पाहत बसे. सैन्य नेणाऱ्या बोटी हिवाळ्याच्या मोसमातच सुटत. ज्याची मुदत भलत्या वेळी संपली, त्याने उन्हाळा-पावसाळा तिथेच काढायचा. काम नाही, हत्यार नाही, घर सात समुद्रांपलीकडे, आणि भोवती ऊन, दारू नि ताप. त्यांतल्या कुणाकुणाचं डोकं फिरे. मग इतर शिपाई म्हणत, याला ‘डूलॅली टॅप’ झालाय. देवळालीचा ताप. दोन्ही शब्द आपले. आजही इंग्लंडातली म्हातारी नवऱ्याला ‘डूलॅली’ म्हणते तेव्हा ती आपल्या नाशिकच्या स्टेशनाचं नाव घेते, आणि याला छापील दाखले आहेत, शिपायांच्या बोलीचे कोश आहेत. पण खऱ्या गोष्टीत टाळ्यांना जागा कमी असते. त्या गोष्टीत एकटी पडलेली पोरं आहेत. आपण कोंबडी निवडलीत ते सभेच्या प्रकृतीला धरूनच झालं.

त्यानंतर आपण जो वेग घेतलात तो अटल सेतूवरही कुणाला परवडणार नाही. ‘पॉश’ म्हणजे पी अँड ओ कंपनीच्या बोटीत मुंबईला येताना डावीकडची, परत जाताना उजवीकडची सावलीतली खोली, त्या तिकिटावरची चार अक्षरं. असं एक तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही, ते आपल्या संग्रही असेल तर दर्शनाचा लाभ व्हावा. मग इंग्रजीतला विष्ठेचा शब्द. बोटीतल्या शेणखताच्या गोण्यांवर ‘वाहतुकीत उंचावर ठेवा’ असं लिहीत, म्हणे, त्याची आद्याक्षरं! तो शब्द इंग्रजीत हजार वर्षांपूर्वीपासून आहे, जर्मनांकडे त्याचा सख्खा भाऊ आहे, आणि गोण्यांवर आद्याक्षरं छापायची रीत कालपरवाची. मला फक्त आपल्याकडून एवढंच जाणून घ्यायचं आहे की, बोटी सुरू होण्यापूर्वी इंग्रज त्या क्रियेला काय म्हणत असतील. की थांबून राहिले होते?

मुंबईलाही आपण सोडलं नाहीत, ‘बॉम बाहिया’, चांगला उपसागर! पोर्तुगीज भाषेत उपसागर हा शब्द स्त्रीलिंगी, त्यामागे ‘बॉम’ नाही, ‘बोआ’ लागेल. स्वतःच्या भाषेत लिंग चुकवून शहराला नाव देणारे पोर्तुगीज आपण शोधून काढलेत, आणि मुंबादेवी बिचारी आपल्या देवळात बसून राहिली. सभागृहाच्या खिडकीतून समोर घारापुरी दिसत होती. तिला पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ म्हटलं ते तिथल्या दगडी हत्तीवरून. तो हत्ती आजही भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. दाखला एवढा मोठा, हाताला लागेल असा. पण हत्तीकडे आपली पाठ होती.

हे सगळं मी हसत हसत गिळलं असतं, महाराज. पण समारोपाला आपण यजमानांचा मान राखायचं मनावर घेतलंत. न्हावा शेवा म्हणजे ‘न्हाव्याची सेवा’! पूर्वी इथे जहाजांवरच्या खलाशांची हजामत करणारे न्हावी राहत, म्हणे. सभा हसली. आपणही हसलात.

न्हावा आणि शेवा ही दोन गावं आहेत, साहेब. एका नावाचे दोन तुकडे नव्हेत. बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, त्याला जवाहरलाल नेहरूंचं नाव दिलं. तरी जगभरच्या कागदांवर ‘न्हावा शेवा’ हेच छापलं जातं. शांघायच्या कारकुनाला ते ठाऊक, रॉटरडॅमच्याही. शेव्याचा कोळीवाडा मात्र या बंदरापायी उठला. त्या लोकांना उरणजवळ बसवलं, त्याला आता हनुमान कोळीवाडा म्हणतात. जागा अपुरी मिळाली, आणि मिळाली तिलाही वाळवी लागली. घरांची लाकडं पोखरली गेली. पुन्हा एकदा नीट वसवा, म्हणून ती माणसं दशकानुदशकं अर्ज करतायत, कधी मोर्चा काढतायत, कधी जहाजांच्या वाटेत होड्या आडव्या घालतायत. गावाचं नाव सगळ्या जगात फिरतं आणि गाव वाळवीशी भांडतं. तुमच्या त्या सभेत तिसऱ्या रांगेत चहा देणारे काका शेव्याचे होते. न्हाव्याची सेवा म्हटल्यावर तेवढे ते हसले नाहीत. त्यांच्या हातात ट्रे होता म्हणून असेल.

मघाशी टाचून ठेवलेला दुसरा अर्थ आपल्याला आता लागेल.

कोकणात थट्टा करायला बंदी नाही. आगरी-कोळ्यांच्या शिमग्यात बोंबा मारून, नाव घेऊन, अख्ख्या गावासमोर एकेकाची अब्रू काढतात. सावकाराची, पाटलाची, बापाचीही. पण तिथे ज्याची काढायची तो समोर असतो, आणि पुढच्या होळीला तुमची पाळी असते. आपण ज्याची काढलीत त्याच्या हाती ट्रे होता, आपल्या हाती माईक. हा फरक आपल्या व्युत्पत्तिकोशात नसावा.

आणि मूत नि अपमान यांचं नातं समजायला आम्हाला यॉर्कशरची जहाजं लागत नाहीत, हे नम्रपणे कळवतो. ‘कापल्या करंगळीवर मुतायचा नाही’ असं आमची आजी ज्याच्याबद्दल म्हणायची तो माणूस कसा आहे, हे सांगायला तिला दुसरा शब्द लागत नसे. २०१३ च्या दुष्काळात एका उपमुख्यमंत्र्यांनी इंदापूर तालुक्यातल्या सभेत, पाण्यासाठी उपोषणाला बसलेल्या शेतकऱ्याची थट्टा करताना, धरणात पाणी नाही तर काय करायचं, असा सवाल टाकून एक क्रियापद वापरलं. सभा हसली होती तिथेही. महाराष्ट्र मात्र हसला नाही. माफी मागूनही भागलं नाही, कराडला यशवंतरावांच्या समाधीपाशी दिवसभर आत्मक्लेश करत बसावं लागलं. त्या दिवशी एकाही मराठी माणसाने कोश उघडला नाही.

तरीही कोश असतात, आणि ते उघडण्याची तसदी आपल्याला पडू नये म्हणून नावं सांगतो. मोल्सवर्थसाहेबाने १८३१ मध्ये केलेला. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, आणि त्यांचाच वाक्संप्रदाय कोश. कृ. पां. कुलकर्ण्यांचा मराठी व्युत्पत्ति कोश, १९४६ चा. या माणसांनी उभी हयात घालवली. गावोगावचे शब्द कागदाच्या चिठ्ठ्यांवर टिपले, आणि जिथे मूळ सापडलं नाही तिथे कोरी जागा सोडली. त्या कोऱ्या जागा आपल्यासाठीच सोडल्या आहेत, असा आपला समज झालेला दिसतो.

तेव्हा एक विनंती. यापुढे आपण एखादा शब्द आमच्या बंदरात उतरवाल तेव्हा सोबत आमच्या धंद्याच्या रीतीने कागद द्यावेत: कुठून आला, कोणत्या सालच्या कोणत्या छापील पानावर पहिल्यांदा दिसला, मधल्या काळात कुठे होता, आणि कुणी पाहिला. कागद नसतील तरी हरकत नाही, माल परत पाठवायचा आमचा रिवाज नाही. फक्त रिकामा कंटेनर म्हणून नोंद करावी. रिकाम्यांचं यार्ड वेगळं आहे, तिथे जागा भरपूर आहे, आणि भाडंही कमी.

कळावे. लोभ आहेच, तो वृद्धिंगत न व्हावा ही विनंती.

आपला कृपाभिलाषी,
न्हावा शेव्यातील एक क्लिअरिंगवाला

ता. क. : आपल्या भाषणाने भारावून संयोजकांनी कचेरीबाहेर ‘आजचा शब्द’ असा फळा लावला आहे. पहिल्याच दिवशी त्यावर आपली कोंबडी आली: ‘पिसं काढणे, यावरून इंग्रजी पिस’. मी खडूने खाली फक्त ‘साल?’ एवढंच लिहिलं. जेवणाच्या सुट्टीनंतर पाहतो तर पुढे कुणीतरी उत्तर लिहून ठेवलेलं, ‘केळ्याची’. हे अक्षर आपलं असल्यास तसं कळवावं. वरचं सगळं पत्र मी मागे घेतो.